एकशे आठ नावं आणि बारावं भोक

मोनालीनं माझ्याकडे देवांची नावं मागितली, तेव्हा मी देवघरापुढे बसून वाती वळत होते. रामनवमी पाच दिवसांवर आली होती. ती मागच्या दारानं आली, चप्पल काढली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "काकू, एक काम आहे. गोंदियातले लोक ज्या ज्या देवाचं नाव घेतात ना, तेवढी सगळी नावं मला कागदावर लिहून द्या."

माझ्या बोटांतली वात अर्धीच राहिली. ही मुलगी चार वर्षांपासून आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती. सकाळी तिची बुद्धवंदना व्हायची, माझी आरती व्हायची. प्रसादाचा शिरा ती आवडीनं खायची, पण देवाकडे तिनं कधी काही मागितलेलं मला माहीत नव्हतं.

"काऊन वो? नवस बोलली का?"

"नाही हो काकू. दवाखान्याच्या कम्प्युटरचं काम आहे."

मी रोज रात्री झोपायच्या आत वहीत दोन-चार ओळी लिहिते. त्या दिवशीच्या ओळी अशा आहेत : 'रविवार, १० एप्रिल २०१६. वाती शंभर झाल्या. मोनालीनं देव मागितले. कम्प्युटरसाठी.' माझ्या वहीत माणसं अशी तुकड्यातुकड्यानं येतात. हिच्याबद्दल मात्र एकदा सलग लिहावं असं पुष्कळ दिवसांपासून मनात होतं.

मोनालीला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९९ च्या पावसाळ्यात, गोंदियाजवळच्या कामठ्याला. लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती. आमचे सासरे लखनलालजी यांची तिथं धानाची शेती. धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. चारी बाजूंनी मातीचा बांध, तो धुरा, आणि आत पाणी भरून ठेवायचं. रोवणा, म्हणजे लावणी, झाली की धुऱ्यावर राखणदार लागतो, कारण खेकडे धुऱ्याला बिळं पाडतात आणि उभ्या बांधीतलं पाणी वाहून जातं. त्या वर्षी जुना राखणदार सोडून गेला होता. सासऱ्यांनी देवीदासभाऊंना बोलावलं.

नवा माणूस पारखायची सासऱ्यांची एक रीत होती. तो यायच्या आधी ते स्वतः फावडं घेऊन जायचे, धुऱ्याला दोन भोकं पाडायचे, वर गवत सारायचे आणि घरी येऊन काही न झाल्यासारखे पान खात बसायचे. माणसानं ती शोधली तर ठेवायचा, नाही तर दुपारची भाकर देऊन वाटेला लावायचा.

देवीदासभाऊ दुपारी परत आले. संगतीला नऊ वर्षांची एक पोरगी, गुडघ्यापर्यंत चिखल. ती मोनाली.

"सापडले का काही?" सासऱ्यांनी विचारलं.

"तीन सापडले जी. बुजवले."

"तीन?" सासरे हसले. "बरोबर पायलं का?"

"पायलं जी. पन दोन भोकं खेकड्यानं नाई केले. खेकडा गोल करते. हे चौकोनी होते, फावड्याचे."

सासऱ्यांचं पान तोंडातच राहिलं. "अन् तिसरं?"

देवीदासभाऊ बोलायला कचरत होते. पोरगीच पटकन बोलली, "तेबी चौकोनीच होतं. पन जुनं. त्यात गवत उगवलं होतं."

मागच्या साली राखणदाराला पारखायला सासऱ्यांनीच ते पाडलं होतं आणि बुजवायचं विसरून गेले होते. वर्षभर ओरडत होते की कोपऱ्यातल्या बांधीत पाणी काऊन टिकून नाही राहिलं. सासूबाई आतून पदर तोंडाला लावून हसल्या, आणि देवीदासभाऊ पुढची चौदा वर्षं आमच्या धुऱ्यावर राहिले.

त्यांची काम करायची तऱ्हा मी ओसरीतून ऐकून ऐकून पाठ केली होती. पोरीला सांगायचे, "भोकं मोजत नाई बसाचं. पानी कुठून जाऊन राहिलं थे पायाचं." कोरड्या जागी दहा बिळं असली तरी ती उद्या बुजवली तर चालतील. वाहतं एक असलं तर जेवण सोडून उठायचं.

पोरगी शिकत गेली. दहावीला तालुक्यात नाव आलं, मग गोंदियाला कम्प्युटरची पदवी. घरात कम्प्युटर नव्हता. कॉलेजच्या खोलीत शिपाई कुलूप लावायला येईस्तोवर बसून राहायची. २०१२ मध्ये एका मोठ्या खाजगी दवाखान्यात चिठ्ठीच्या खिडकीवर लागली. रोग्याचं नाव, वय, गाव टाइप करायचं आणि चिठ्ठी फाडून द्यायची. तोवर आम्हीही माझ्या यजमानांच्या नोकरीपायी गोंदियात राहायला आलो होतो. तिची आई ललिता एक दिवस तिला घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, पोरीले खोली पायजे." मागची खोली रिकामीच होती. शेजारच्या धुरपताबाईंनी तेव्हा मला कुंपणावरून दोन शब्द सुनावले होते, भाडेकरू आपल्यातले पाहून ठेवावेत म्हणून. मी म्हटलं, घरचीच आहे. त्यावर त्या महिनाभर हळदीकुंकवाला आल्या नाहीत. पुढे त्यांच्या नातीचा फॉर्म मोनालीनं भरून दिला आणि त्या सगळं विसरल्या.

विसरल्या म्हणजे भाड्याचं विसरल्या. टोमणे सुरूच. "छब्बीसची झाली पोरगी. कम्प्युटरसंगच लगन लावते काय वो?"

मोनाली कपडे वाळत टाकता टाकता म्हणायची, "चालते की आजी. कम्प्युटर सासू नाही आणत."

खिडकीवर वर्षभर काढल्यावर तिच्या लक्षात आलं, की दवाखान्याचे कम्प्युटर बंद पडले की सगळे नागपूरला फोन लावतात आणि दोन दिवस वाट पाहतात. ती आपली जेवणाच्या सुटीत उघडून पाहू लागली. २०१३ मध्ये मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून कम्प्युटर विभाग तिच्या हवाली केला. विभाग म्हणजे ती एकटी आणि चौसष्ट जणांचे चौसष्ट पासवर्ड. त्या दिवशी तिनं पेढे आणले होते. वहीत नोंद आहे : 'पेढे खव्याचे. देवीदासभाऊ रडले.'

मग २०१६ चा फेब्रुवारी आला. एका सकाळी प्रयोगशाळेतल्या कम्प्युटरवर लाल पाटी दिसू लागली. रक्ताचे, लघवीचे, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट कुणीतरी कुलूपबंद करून टाकले होते आणि किल्लीचे पैसे मागत होते. दवाखान्यातल्याच कुणीतरी मेलमध्ये आलेली फाईल उघडली होती. जुन्या नकला मोनालीनं वेगळ्या ठेवलेल्या होत्या म्हणून नऊ दिवसांत गाडी रुळावर आली. पण ते नऊ दिवस रोग्यांच्या रांगा रस्त्यापर्यंत गेल्या, आणि दवाखान्याच्या ट्रस्टनं ठरवलं की आता सगळं काम नागपूरच्या एका कंपनीला देऊन टाकायचं. कंपनी आपलं यंत्रही आणणार होती. कम्प्युटरमधून कुठे कुठे आत शिरता येतं ते शोधून देणारं सॉफ्टवेअर, महागातलं. मोनालीला पुन्हा खिडकीवर बसावं लागणार होतं.

ती आम्हाला काही बोलली नाही. तीन दिवस भाजी न करता नुसता भात खाल्ला, त्यावरून मी ओळखलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन म्हणाली, "साहेब, एक महिना द्या. असं सॉफ्टवेअर एकच नसतं, पुष्कळ असतात. मी तीन आणून लावून पाहते आणि सांगते आपल्याला कोणतं लागतं. नाही जमलं तर मी स्वतः खिडकीवर जाऊन बसेन."

डॉक्टरांनी वीस एप्रिलची तारीख दिली. कंपनीचा माणूसही त्या दिवशी येणार होता.

तर असे तीन पाहुणे दवाखान्यात आले. एक नागपूरच्या कंपनीचं महागडं, महिनाभर वापरायला दिलेलं. दुसरं इंटरनेटवरून चालणारं, वर्षाची वर्गणी भरायची. तिसरं फुकटाचं, पण बसवायलाच आठ दिवस घेणारं. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून माझ्याशी बोलताना तिनं त्यांना कामठ्याच्या राखणदारांची नावं दिली. महागडा तो शालीकराम. गावात शालीकराम म्हणून एक होता, वाऱ्यानं पान हललं तरी "चोर, चोर" ओरडायचा. इंटरनेटवाला तो सुकराम, कपडे नेहमी इस्त्रीचे, पण सडकेवरून जेवढं दिसेल तेवढंच पाहणारा. आणि फुकटाचा तो तिलक. तिलकला काम सांगावं लागायचं, पुन्हा सांगावं लागायचं, मग तो मुकाट्यानं करायचा.

"तिघांत चांगला कोण, हे कळेल कसं?" मी विचारलं. "तिघंही म्हणतील मीच."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "काकू, आजोबांची रीत."

आजोबा म्हणजे आमचे सासरे. तिनं दवाखान्याच्या अडगळीतला एक जुना कम्प्युटर काढला आणि त्यात स्वतःच्या हातानं बारा भोकं पाडली. कुठे जुनं सॉफ्टवेअर दुरुस्त न करता ठेवलं, कुठे नको ते दार उघडं सोडलं, कुठे सोपा पासवर्ड दिला. बाराही एका कागदावर लिहिली आणि तो कागद कपाटात टाकला. मग रविवारी दुपारी, ओपीडी बंद असताना, तिघांना एकेक करून त्या कम्प्युटरवर सोडलं.

शालीकरामला बारांतली दहा सापडली. मोनाली खूश झाली. पण संगं त्यानं आणखी दोनशे सांगितली, आणि त्यांतली पुष्कळशी तिनंच आधी बुजवलेली होती. तो सॉफ्टवेअरवरचा आवृत्तीचा नंबर वाचून बोंब मारायचा, आत डोकावून पाहायचा नाही. सुकरामला नऊ सापडली, पण कोणतं आधी बुजवायचं आणि कोणतं नंतर, ते त्यानं छान लावून दिलं. तिलकला पहिल्यांदा सातच सापडली. मग तिनं त्याला आत जायची किल्ली देऊन पुन्हा पाठवलं, तर अकरा.

दुसऱ्या रविवारी तिनं सगळ्या दवाखान्यावर फिरवून पाहायचं ठरवलं, आणि तिथं एक चूक झाली. सुकराम एक्स-रेच्या मशीनपाशी गेला आणि मशीन जागच्या जागी गोठलं. ते मशीन जुन्या विंडोजवर चाललं होतं. त्याची डागडुजी विंडोजवाल्या कंपनीनं कधीचीच बंद केली होती. जरा जोरात विचारपूस झाली की ते घाबरून बसायचं. नेमकी तेव्हाच बिरसीहून एक बाई हात मोडून आली होती. पाऊण तास तिला तशीच बसवावी लागली. मोनाली तिच्या शेजारी जाऊन बसली, तिला सांगितलं, "माझ्यामुळं उशीर होऊन राहिला मावशी, माझी चूक आहे." बाई कळवळत म्हणाली, "तू डॉक्टरीन हायेस काय?" "नाही मावशी, कम्प्युटरवाली." "मंग माया हात तू काऊन मोडशील?"

हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. त्या दिवसानंतर तिनं कागदावर एक नवा रकाना काढला : यंत्र शोधताना त्रास किती देतं. तिलकला हळू चाल म्हटलं तर तो हळू चालायचा. शालीकराम आणि सुकराम आपल्याच चालीनं चालायचे.

राहता राहिलं बारावं भोक. ते तिघांनाही सापडलं नव्हतं. मी विचारलं कोणतं, तर म्हणाली, "पासवर्ड. मी त्या कम्प्युटरला गणपतीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन ठेवलं होतं. या तिघांजवळ सोप्या पासवर्डांच्या याद्या आहेत काकू, पण त्या साहेबांच्या देशातल्या. तिकडच्या कुत्र्यामांजरांची नावं आहेत, खेळाडूंची आहेत. गणपती नाही. आणि आपल्या दवाखान्यात मी तीन वर्षं बघून राहिली, लोक कम्प्युटर उघडताना तोंडानं पुटपुटतात. सकाळी पहिलं नाव देवाचं घ्यायचं म्हणून पासवर्डच देवाचा ठेवतात."

"मग?"

"तिलकला आपली यादी देता येते. त्याला गोंदियाचे देव शिकवायचे आहेत."

म्हणून ती माझ्याकडे आली होती.

मी वाती बाजूला सारल्या, हात धुतले आणि वहीचं पान घेतलं. गणपती, हनुमान, साई, गजानन, विठ्ठल भराभर उतरले. मग नागऱ्याचा महादेव, मांडोदेवी, डोंगरगडची बमलेश्वरी, आमची गढकालिका, सिंधी बाजारातला झुलेलाल. बाजारात कोणत्या दुकानावर कोणाचं नाव आहे ते आठवत आठवत गेले. एकशे चारवर गाडी अडली. यजमान पेपर वाचत होते. ते म्हणाले, "शनीला विसरली." मग शीतला, भीमसेन आणि नागोबा. एकशे आठ झाले तेव्हा मला फार बरं वाटलं, एक माळ पूर्ण झाल्यासारखं.

मोनालीनं पान वाचलं. मग माझ्याच पेनानं तळाशी तिनं लिहिलं : '१०९. जयभीम.'

मी त्या पानाकडे बघत राहिले. ती चार वर्षं माझ्या घरात राहत होती, तिची वंदना रोज माझ्या कानावर पडत होती, आणि लोक कोणकोणाचं नाव घेतात ते आठवताना मला तेवढंच आठवलं नव्हतं. ती म्हणाली, "असू द्या काकू, तुम्ही देव लिहीत होत्या." तिला खरंच राग नव्हता. मला मात्र रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

तिनं एकेका नावाची स्पेलिंगं केली. हनुमान एकटाच सहा तऱ्हेनं लिहिता येतो म्हणे. पुढे एक-दोन-तीन, मागे जय, मध्ये श्री, असं करत यादी लांबली. डॉक्टरांची लेखी परवानगी तिच्याजवळ होतीच. सोमवारी दुपारी तिनं ती यादी तिलकच्या हाती दिली आणि त्याला चौसष्ट पासवर्डांवर सोडलं.

चार वाजता तिचा फोन आला. आवाज बारीक. "काकू, चौसष्टांतले एक्केचाळीस उघडले."

"अगं बाई."

"साई नऊ, हनुमान सात, गणपती सहा. बमलेश्वरी चार. जयभीम चार. त्यातला एक माझा आहे काकू. सगळ्या किल्ल्या ज्याच्यात आहेत, तो."

२०१३ मध्ये, पेढे आणले त्याच दिवशी, तिनं तो पासवर्ड ठेवला होता. आनंदात. पुढे रोज दुसऱ्यांचं निस्तरताना स्वतःचा बदलायचा राहूनच गेला. पडद्यावर लोकांची नावं येत होती तेव्हा ती हसत होती, आणि एक्केचाळिसावं नाव तिचंच आलं.

पासवर्ड तिनं तिथल्या तिथं बदलला. प्रश्न होता सांगायचं की नाही. यादीतून एक नाव काढून चाळीस म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? आणि सांगितलं तर नागपूरवाला तिथंच बसलेला असणार. ज्या बाईचं स्वतःचंच दार उघडं, तिच्या हाती दवाखाना कोण देईल? आठ दिवसांनी खिडकीवर बसायचं की नाही, ते या एका ओळीवर येऊन ठेपलं होतं.

चौदा एप्रिलला देवीदासभाऊ आणि ललिता मिरवणुकीसाठी गोंदियाला आले होते. पांढरी कडक कापडं, कपाळाला निळा गुलाल. आमच्या अंगणात चहा झाला. मोनालीनं बापाला सगळं सांगितलं. कम्प्युटरचं त्यांना काय कळलं असेल ते असो, ते एकच म्हणाले, "तुये आजोबा भोक पाडून भुलले होते. आठवते का?"

"आठवते."

"तेव्हा तू नऊ सालाची होतीस. मालकाच्या तोंडावर बोलली. मी दबून गेलो होतो. आता सव्वीसची झालीस, तं तू दबून राहिली काय?"

ललिता म्हणाली, "तुमाले काय जाते बोलाले. पोरीची नौकरी जाईन."

"जाईन तं जाईन. पानी वाहून राहिलं अन् राखनदार म्हनते दिसलं नाई, असा राखनदार कायले पायजे?"

मोनालीनं कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला आणि खोलीत निघून गेली.

वीस तारखेला काय झालं ते मला नंदाबाईनं सांगितलं. ती दवाखान्यात चहा-पाणी पाहते, आमच्या गल्लीतच राहते आणि नकला फार छान करते. ट्रस्टची सहा माणसं, मोठे डॉक्टर, नागपूरचा कोटवाला. कोटवाल्यानं भिंतीवर लालभडक चित्रं लावली आणि म्हणाला, "सर, आपके हॉस्पिटल में दो हजार तीन सौ छियासी छेद हैं।"

"मोठ्या डॉक्टरच्या हातचा बिस्कुट चहातच पडला वो बाई," नंदाबाई म्हणाली. "मी दुसरा दिला."

मग मोनाली उभी राहिली. घाबरली होती, म्हणून तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं : "साहेब, शालीकराम ओरडतो जास्त."

"कौन शालीकराम?" डॉक्टरांनी विचारलं. "स्टाफ में है?"

ती लाजली, मग तिनं सगळं सांगितलं. बारा भोकांचा कम्प्युटर, कुणाला किती सापडली, कुणी खोट्या बोंबा मारल्या, कुणामुळं एक्स-रेचं मशीन बंद पडलं. कोटवाला मध्येच म्हणाला, "मॅडम, आपने छेद खुद बनाए? ये कौन सा तरीका है?"

"आमच्या कामठ्याचा," ती म्हणाली.

त्याच दोन हजार तीनशे शहाऐंशींतली खरोखर वाहती अशी तिनं एकोणतीसच काढली होती, आणि त्यातली अठरा त्या दिवसापर्यंत बुजवली होती. ती ओळीनं वाचून दाखवली. मग देवांच्या यादीचं सांगितलं. खोलीत कुणी हसलं नाही, प्रत्येकजण आपापला पासवर्ड आठवत होता.

"एक्केचाळीस उघडले," ती म्हणाली. "त्यात एक नाव माझं आहे. सगळ्यात मोठं भोक तेच होतं. तीन वर्षं उघडं होतं. आता बुजवलं आहे, पण होतं."

कोटवाल्यानं खुर्चीत मागे रेलून हात बांधले. डॉक्टरांनी विचारलं, "फरवरीवालं तुझ्यातून आलं का?"

"आत आलं ते मेलमधून आलं साहेब. पण आत आल्यावर सगळीकडे पसरलं कसं, ते माझ्यातून नाहीच असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

मग डॉक्टर म्हणाले, "माझा उघडला काय?"

"पासवर्ड मी कुणाचाच सांगत नाही साहेब. पण तुम्ही शनिवारी ज्याला तेल वाहता, त्याला माहीत आहे."

आधी ट्रस्टमधले एक म्हातारे हसले, मग सगळे. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं, ते खोडलं, आणि तिला म्हणाले, "नवा कसा ठेवायचा ते आत्ताच सांग."

निकाल त्या दिवशी लागला नाही. पाचव्या दिवशी तिला दोन पाकिटं मिळाली. एकात मेमो होता, स्वतःचा पासवर्ड निष्काळजीपणे ठेवल्याबद्दल, तिच्या फायलीला लावलेला. दुसऱ्यात पत्र होतं : विभाग तिच्याकडेच राहील, तिलक राहील, आणि नागपूरची कंपनी वर्षातून दोनदा येऊन बाहेरून तपासून जाईल. हे शेवटचं तिनंच मागितलं होतं. मी म्हटलं, "कायले त्या कोटवाल्याला बोलावतेस?" ती म्हणाली, "माझं भोक मला तीन वर्षं दिसलं नाही काकू. दुसऱ्याचे डोळे लागतात." मेमो तिनं पत्राच्याच फायलीत ठेवला, वरती.

पुढे पासवर्ड बदलायचं रामायण झालं. चिठ्ठीच्या खिडकीवरच्या जमुनाबाई अडून बसल्या. "मी बावीस वर्षं माझ्या साईचं नाव घेऊन दिवस सुरू करते. तू देव काढायला लावते?" मोनाली म्हणाली, "नाव तोंडानं घ्या जमुनाबाई, बोटानं नको." ते जमुनाबाईंना पटलं. आता त्या मोठ्यानं साईंचं नाव घेतात आणि गुपचूप भलतंच टाइप करतात. काय ते मला माहीत नाही, आणि ते बरंच आहे.

एक्स-रेचं मशीन बुजवता येण्यासारखं नव्हतंच. जुनं मशीन, नवं घ्यायला वेळ होता. तिनं त्याची तार बाकी दवाखान्यापासून तोडून टाकली. देवीदासभाऊ फुटक्या कोपऱ्याला आडवा धुरा घालून उरलेली बांधी वाचवायचे, तसं. फोटो मग माणूस हातानं घेऊन जायचा. टेक्निशियन वर्षभर कुरकुरला.

त्या आडव्या धुऱ्याची किंमत पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात कळली. टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या, जगभरचे कम्प्युटर कुलूपबंद होऊन राहिले, परदेशातले मोठमोठे दवाखाने बंद. शनिवार होता. मी देवापुढे दिवा लावला आणि बसून राहिले. मोनाली सकाळीच गेली होती. दुपारी दोनला परत आली, हातपाय धुतले, ताट ओढलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही झालं काकू." तिनं वरणात भात कालवला. "काहीच नाही झालं. लिंबू आहे का?"

जेवण झाल्यावर तिनं पिशवीतून माझं ते वहीचं पान काढलं. घडीवर फाटत आलं होतं. प्रत्येक देवासमोर तिनं बारीक अक्षरात आकडा मांडला होता, कुणाच्या नावानं किती दारं उघडली त्याचा, आणि प्रत्येक आकडा खोडून पुढे शून्य केलं होतं. "काल पुन्हा चालवून पाहिलं," ती म्हणाली. "आता यातलं एकही चालत नाही. मला वाटलं फाडून टाकावं, पण देवांची नावं आहेत, म्हणून तुमच्याकडे आणलं."

मी ते वहीत चिकटवलं. सकाळी नावं घेताना कधी कधी तेच पान उघडून बसते. एकशे आठ माझ्या अक्षरात आहेत. एकशे नववं तिच्या अक्षरात, त्यापुढे खोडलेला चारचा आकडा आणि शून्य. आता म्हणताना मी तिथपर्यंत जाते.